आकृती क्रमांक दोन

सारांश अडीचशे शब्दांत हवा.
माझा झालाय तीनशे अकरा.
रात्रपाळी संपलीय, रामटेके सिस्टर
सर्पविषाच्या रिकाम्या कुप्या रजिस्टरशी ताडून बघतायत,
आणि मी एकसष्ट शब्द शोधतेय
जे गेल्याने कुणाचं काही बिघडणार नाही.

‘रोवणीच्या दिवसांत’ काढलं.
‘जमिनीवर झोपलेल्या’ ठेवलं, मण्यार तिथेच येते.
‘पहाटे तीनच्या सुमारास’ काढलं,
मग पुन्हा घातलं.

दुहेरी अंतर. डावीकडे ओळींचे क्रमांक.
संदर्भ ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने,
सहाहून जास्त लेखक असतील तर पुढे नुसतं ‘व इतर’.
तक्त्यात उभ्या रेषा नकोत.
सतरा रुग्ण, तीन मृत्यू, एकही उभी रेष नाही.
लाइट गेली. लॅपटॉपमध्ये चाळीस टक्के.

‘पद्धती’ हा भाग कर्मणी प्रयोगात लिहितात.
ओळ एकशे अठरा:
वाहतुकीदरम्यान कृत्रिम श्वास देण्यात आला.
देण्यात आला.
कर्ता अँब्युलन्सच्या पत्र्यावर गुडघे टेकून बसलाय,
भागरथाचा भाऊ, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवणारा,
निळी पिशवी दोन्ही हातांनी दाबत
चौसष्ट किलोमीटर, नाल्यावर पाणी म्हणून वळसा घेऊन.
पुढून दिवाकर ओरडतोय, दाब, सोड, दाब.
हात बदलायला कुणी नव्हतं.
लेखक कुणाला म्हणावं याचे चार निकष आहेत,
मी दोनदा वाचले.
तो एकातही बसत नाही.

आकृती एक: तालुक्याचा नकाशा, ठिपके.
आकृती दोन: स्त्री, वय एकोणीस,
दोन्ही पापण्या ओघळलेल्या, मान भिंतीला.
सूचना अशी की ओळख पटू नये म्हणून
डोळ्यांवर काळी पट्टी टाकावी.
टाकली.
मग खाली मीच लिहिलेलं वाचलं:
पापण्यांची स्थिती पाहा.

पट्टी नको असेल तर लेखी संमती.
रविवारी स्कूटीने गेले.
फॉर्म इंग्रजीत होता, रात्री बसून मराठी केला,
‘प्रकाशना’चं ‘छापून येणं’ केलं,
तरी दीड पान उरलंच.
भागरथा सिडाम बांधीतून आली, हात धुऊन,
ओले हात लुगड्याला पुसून दोन्ही फोटो धरले.
खूप वेळ बघत राहिली.
“डोरे कायले झाकले मॅडम?
उघडतच तं नव्हते.”

मग सही करता करता,
पेन कागदावरच ठेवून,
“पन आयकू येत होतं मले. सारं.
तुमी सिस्टरले म्हनलं होतं,
हे काही वाचत नाही, तिकडच्या पोराले पाहा.”
रागाने नाही म्हणाली.
बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं.
सहीतला ‘सि’ तिने फार मोठा काढला.
तिकडचा पोरगा अकरा नंबरचा रुग्ण.
तीन मृत्यूंतला एक.

परत येऊन ‘चर्चा’ उघडली.
लिहिलं: स्नायू पूर्ण लुळे पडले तरी
रुग्णाला ऐकू येत असतं,
खाटेपाशी बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.
याला संदर्भ क्रमांक हवा.
खाजगीत सांगितलेलं असेल तर कंसात नाव आणि तारीख,
आणि परत लेखी परवानगी.
मी जे बोलले होते त्याला मात्र
कुठल्याच पानावर ओळ क्रमांक नाही.

एकशे अठरावर गेले.
‘देण्यात आला’ पुसून
‘रुग्णाच्या भावाने दिला’ केलं.
परीक्षक खोडतील बहुतेक.
तेच वाक्य सारांशातही बदललं
आणि आकडा पुन्हा लाल झाला.

रामटेके सिस्टरांनी चहा ठेवला.
“झालं का मॅडम?”
दोन शब्द जास्त होतायत, म्हटलं.